दुखावलेल्या खांद्यासाठी क्रॉसबो घेताना वेगाचा आकडा शेवटी बघावा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरचा लेख इथे मिशिगनमध्ये फोनवर वाचला. लेख चांगला जमला आहे, पण दोन वाक्यांपाशी मी अडखळले. एका ठिकाणी क्रॉसबोला (दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य) ‘आळशी माणसाचं धनुष्य’ म्हटलं आहे, आणि पुढे क्रॉसबोने ‘शंभर यार्डांवरचं हरीण सहज पडतं’ असं ठोकून दिलं आहे. पहिल्या वाक्याचा मला राग आला नाही. इथल्या जुन्या धनुष्यवाल्यांकडून ते मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि ऐकून सोडून दिलं आहे. दुसरं वाक्य मात्र वाचणाऱ्याला चुकीची वस्तू विकत घ्यायला लावणारं आहे. आपला पेपर मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियातली मराठी मंडळी रोज वाचतात आणि त्यांच्यातले काही जण, विशेषतः पुढची पिढी, आता शिकारीला जातात. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापावं ही विनंती.

आधी भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि ती असावी याच मताची मी आहे. हे पत्र वाचून पाटण-कोयनेच्या बाजूला कोणी रानडुकराच्या मागे क्रॉसबो घेऊन निघू नये. इथली परिस्थिती वेगळी आहे. एकट्या मिशिगन राज्यात पांढऱ्या शेपटीची वीस लाखांच्या आसपास हरणं आहेत आणि वर्षाला पन्नास हजारांहून जास्त मोटारी त्यांच्यावर आदळतात. सोयाबीन आणि मक्याची नासाडी होते ती निराळीच. शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेले असतात, आणि १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. मी तो अभ्यासक्रम शाळकरी पोरांच्या बाकावर बसून केला.

मी मूळची कराडची. सांगलीला मेकॅनिकल शिकले, डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या गिअरबॉक्सवर नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन जॅक्सन काउंटीत राहते. धनुष्य हातात घेतलं ते चाळिशी उलटल्यावर, शेजारच्या शेतकऱ्याच्या नादाने. त्याच्या मक्याच्या कडेला बसायची त्याने मला परवानगी दिली आहे. माझं धनुष्य कंपाउंड, म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं, ४५ पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं होतं. मग एका हिवाळ्यात घरासमोरच्या बर्फावरून पाय घसरला आणि उजव्या खांद्याच्या रोटेटर कफमधला, म्हणजे सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या वेढ्यातला, सुप्रास्पायनॅटस नावाचा स्नायू फाटला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पुढे फिजिओथेरपी, रबरी पट्टे, भिंतीवर बोटांनी चढणं, सगळं यथासांग पार पडलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोळ्या लाटाल, गाडी चालवाल, वरच्या फळीवरचा डबाही काढाल. धनुष्य मात्र ओढू नका.

ज्यांनी कंपाउंड धनुष्य ओढलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय, चाकं असतात, हलकं होत असेल. हलकं होतं, पण शेवटी. पूर्ण ओढल्यावर हातावर मूळ वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढंच वजन राहतं. तिथे पोहोचायच्या आधी मात्र ४५ च्या ४५ पौंडांचा घाट ओलांडावा लागतो, तोही कोपर खांद्याच्या उंचीवर आडवा ठेवून. शिवलेल्या स्नायूला नेमकं तेच नको असतं. पौंड कमी करून बघावेत, असंही काही जण सुचवतात. ज्याचं दुखणं थोडकं आहे त्याने जरूर करून बघावं. माझ्या बाबतीत त्यालाही डॉक्टरांनी नकार दिला.

यावर आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी मला शीतल देवीचं उदाहरण दिलं. हात नसलेली किश्तवाडची ही मुलगी पायाने धनुष्य धरते आणि खांद्याने ओढते. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये तिने राकेश कुमारबरोबर कांस्यपदक मिळवलं. तिच्यापुढे मी हात जोडते. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा मी इथे पेढे वाटले होते. पण त्या दोघी कागदाच्या निशाणावर बाण मारतात. तिथे हात थरथरला तर गुण जातात. इथे थरथरला तर पोटात बाण घेऊन हरीण रात्रभर जंगलात फिरतं. ज्या हाताची खात्री नाही तो हात जिवंत जनावरावर चालवायचा नाही, एवढाच माझा त्यामागचा विचार आहे. यात आळस कुठे आला ते लेखकांनीच सांगावं.

मग बंदूक का नाही? एक तर बंदुकीचा धक्का बसतो तो त्याच खांद्यावर. शिवाय इथे बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि त्या दिवशी निम्मं राज्य नारिंगी जाकिटं घालून रानात उतरतं. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरपासून, पानं रंगलेली असताना, शांततेत. मिशिगनने २००९ पासून धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला मोठ्या प्रमाणावर मोकळीक दिली. त्याआधी अपंगत्वाचा परवाना काढावा लागे. शेजारच्या ओहायोत तर १९७० च्या दशकापासून क्रॉसबो चालतो. आयडाहोसारख्या काही राज्यांत धनुष्यासाठी राखलेल्या हंगामात तो वापरायचा तर अजूनही डॉक्टरांच्या सहीचा कागद लागतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका उघडावी.

आता मुद्द्यावर येते. क्रॉसबो बघायला मी एका मोठ्या दुकानात गेले तेव्हा विक्रेत्या पोराने माझ्या खांद्याची हकिगत ऐकून घेतली, मान हलवली आणि थेट सेकंदाला ४५० फूट वेगाचा क्रॉसबो समोर ठेवला. ‘हा सगळ्यात ताकदवान,’ म्हणाला. मी विचारलं, याची दोरी मागे कशी घ्यायची? त्याने एक दोरखंड दाखवला. पुढच्या रिकिबीत पाय घालायचा, वाकायचं, दोरखंडाचे आकडे दोरीला लावायचे आणि दोन्ही हातांनी वर खेचायचं. त्या दोरखंडाने ओढायचं वजन निम्मं होतं हे खरं आहे. पण मूळ वजन दोनशे पौंड असेल तर निम्मं म्हणजे शंभर पौंड, जवळजवळ ४५ किलो. जिला ४५ पौंड ओढायची मनाई आहे तिला तो ४५ किलो उचलायला सांगत होता!

खांदा दुखावलेल्याने क्रॉसबो निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. दोरी चढवायला काय आहे? नुसते हात आणि दोरखंड यांवर फुली मारावी. नुसत्या हातांनी ओढताना एक हात कमजोर असला की दोरी मधोमध येत नाही, किंचित एका अंगाला सरकते, आणि मग बाण डावीउजवीकडे जायला लागतो. माणूस उगीच नेम धरायच्या दुर्बिणीला दोष देत बसतो. हवा तो क्रँक, म्हणजे हँडल फिरवून दोरी मागे घेणारा. आत गिअर असतात, त्यामुळे हाताला मोजकेच पौंड लागतात आणि दोरी सरळ मध्यावर येते. वेळ जास्त लागतो, लगेच दुसरा बाण सोडता येत नाही. मला त्याची खंत नाही. पहिला चुकला तर दुसरा घाईत सोडूच नये.

क्रँकमध्येही प्रकार आहेत. काहींचं हँडल सुटं असतं, काहींचं दांड्यातच बसवलेलं. सुटं हँडल थंडीत हातमोजे घालून बसवताना पडतं आणि पाल्यात हरवतं. हँडल कोणत्या बाजूला आहे आणि तुमचा चांगला हात कोणता, हे जुळतंय का बघा. कंबरेच्या उंचीवर, कोपर अंगाला लावून ते फिरवता येतं का, हेही बघा. मला येत होतं, कारण कोपर खाली असेल तर माझा खांदा कुरकुरत नाही. तुमचा खांदा कशाने कुरकुरतो ते तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारा. मी तर त्या बाईंना यंत्राचा व्हिडिओच नेऊन दाखवला होता. त्या स्वतः शाकाहारी आहेत. हसल्या आणि म्हणाल्या, हालचाल चालेल, बाकीचं तुमच्या देवाला विचारा.

दुसरा प्रश्न दुकानात कोणीच विचारत नाही. चढवलेली दोरी परत उतरवायची कशी? धनुष्य ओढून हरीण निघून गेलं तर आपण दोरी हळूच सैल सोडतो. क्रॉसबो चढला की चढलेलाच राहतो. संध्याकाळी घरी निघताना तसाच गाडीत टाकायचा नाही, ते धोक्याचं आहे. जुनी पद्धत म्हणजे एक जाड टोकाचा बाण निशाणाच्या ठोकळ्यात किंवा मऊ मातीत सोडून देणं. ती पद्धत चांगली आहे, खांद्याला काही त्रास नाही, फक्त तो बाण आणि ठोकळा बरोबर बाळगावा लागतो. नव्या यंत्रांत क्रँक उलटा फिरवूनही दोरी उतरवता येते. खरी गोम इथे आहे. काही जुन्या क्रँकमध्ये कळ दाबून उलटं फिरवताना हँडलवरची पकड सुटली तर सगळी ताकद एकदम मोकळी होते, हँडल गरगरा फिरतं आणि बोटं किंवा मनगट फोडतं. दुखरा खांदा अशा वेळी कधी दगा देईल याचा नेम नसतो. अचानक चमक निघते आणि हात आपोआप सुटतो. म्हणून विचारायचं ते असं: मी मध्येच हात सोडला तर हँडल जिथल्या तिथे थांबतं का? ‘हो’ म्हणाले तर स्वतः दुकानात करून दाखवायला सांगा. ओहायोच्या टेनपॉइंट आणि विस्कॉन्सिनच्या रॅव्हिन या कंपन्यांच्या नव्या मॉडेलांत क्रँकने दोरी उतरवायची सोय आहे. पण कंपनी तीच असली तरी जुन्या आणि नव्या मॉडेलात फरक असतो, म्हणून वापरलेला क्रॉसबो घेताना दुप्पट चौकशी करावी. ‘जवळपास नवाच आहे’ असं सांगून मलाही एक विकायचा प्रयत्न झाला होता.

तिसरी गोष्ट वजन. नुसता क्रॉसबो तीन-साडेतीन किलोचा, त्यावर दुर्बीण, बाणांचा भाता आणि क्रँक धरला की चार किलोच्या पुढे. शिवाय बरंचसं वजन पुढच्या टोकाला. तो छातीपुढे धरून हरीण वळायची वाट बघत बसणं धडधाकट माणसालाही जमत नाही. तिपाई किंवा एका पायाची काठी हवीच, आणि ती खर्चात पहिल्यापासून धरावी. इथे एक बारकावा आहे. तुमचा ओढणारा खांदा गेला असेल तर क्रॉसबोचा दस्ता त्याच खांद्याला टेकेल. पण धक्का बंदुकीसारखा नसतो, त्यामुळे बहुतेकांना तो चालतो. धनुष्य धरणारा, म्हणजे पुढचा हात गेला असेल तर तिपाईवाचून गत्यंतर नाही. मी झाडावरच्या मचाणावर चढणंही सोडलं. जमिनीवर कापडी तंबूत खुर्ची टाकून बसते. तंबूत रुंदीचा प्रश्न येतो, कारण बाण सुटताना क्रॉसबोच्या धनुष्याची दोन्ही पाती झटक्याने पुढे जातात आणि तंबूच्या काठीला किंवा कापडाला लागली तर यंत्रही मोडतं आणि नेमही जातो. कॅनडाच्या एक्सकॅलिबर कंपनीचे बिनचाकांचे क्रॉसबो साधे-सरळ आहेत, त्यांची दोरी घरच्या घरी बदलता येते, दुकानातल्या, धनुष्य दाबून धरणाऱ्या प्रेसची गरज नाही. माझ्यातल्या मेकॅनिकला ते फार आवडले. पण ते रुंद, आणि त्यांची दोरी ओढायचं वजन दोनशे पौंडांच्याही वर जातं, म्हणजे क्रँक सुटत नाहीच. चाकांचे अरुंद प्रकार चढवल्यावर सहा-सात इंचांचे होतात. माझ्या छोट्या तंबूसाठी मी तसलाच एक घेतला.

आता तो वेगाचा आकडा. माझ्या धनुष्यातून ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅमचा) बाण सेकंदाला सुमारे २२० फुटांनी जायचा. त्याची ऊर्जा साधारण ३८ फूट-पौंड. तेवढ्यावर, जवळून आणि नेम नीट धरून, मी हरीण मारत आले आहे. सेकंदाला ३५० फूट वेगाचा क्रॉसबो ४०० ग्रेनचा बाण सोडतो तेव्हा ऊर्जा होते जवळजवळ १०९ फूट-पौंड, म्हणजे तिपटीला थोडीच कमी. याहून जास्त घेऊन हरणाचं काय करायचं आहे? लोक म्हणतात, वेग जास्त असला तर हरणाला हलायला वेळ मिळत नाही. हिशेब करू. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. दोरीचा आवाज हरणापर्यंत एक दशांश सेकंदात पोहोचतो. ३५० फुटांचा बाण साधारण ०.३४ सेकंदाला पोहोचतो, ४५० चा ०.२७ ला. दोन्ही वेळा आवाज आधी पोहोचतो आणि दचकलेलं हरीण उडी मारायला खाली दबतं. फरक फक्त ०.०७ सेकंदाचा. त्यासाठी जास्त पौंडांची दोरी, जास्त झिजणारे भाग आणि हजार डॉलर जास्त मोजायचे, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

शंभर यार्डांचं गणित तर करूच नये इतकं वाईट आहे. बाणाला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि आवाज त्याच्या अर्धा सेकंद आधी पोहोचलेला असतो. अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला तर चाळीस यार्डांवर बाण चार बोटं वरखाली होतो, शंभरावर जवळजवळ वीतभर. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा एवढीशी, त्यात वीतभर चूक म्हणजे जखमी जनावर. दुकानात ठोकळ्यावर शंभर यार्ड जमतातही. ठोकळा दचकत नाही. माझी स्वतःची मर्यादा तीस यार्ड आहे, आणि वाऱ्याच्या दिवशी त्याहून कमी.

बाकी किरकोळ. डाव्या हाताचा अंगठा नेहमी रुळाच्या, म्हणजे बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या, खाली ठेवावा, दोरी वरून जाते तेव्हा ती अंगठा ओळखत नाही. बाणाशिवाय चाप ओढायचा नाही. बाण आणि त्याची मागची खाच कंपनीने सांगितलेलीच वापरायची, स्वस्त मिळाली म्हणून दुसरी नाही. दोरीला मेण लावत राहावं. किंमत म्हणाल तर दोरखंडवाले तीन-चारशे डॉलरांना मिळतात, क्रँकवाला बरा क्रॉसबो सातशेच्या पुढे, आणि वरच्या श्रेणीतले दोन हजारांच्याही पलीकडे. जुन्या मॉडेलला क्रँक नंतर बसवता येत असेल तर तो मार्ग स्वस्त पडतो.

आणि हो, मटणाबद्दल विचारणारे असतातच. आमच्या भागात २०१५ मध्ये हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडला, तेव्हापासून मी हरणाचं डोकं तपासणीला देते आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये ठेवते. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण. घरचे सोमवार पाळतात, त्यामुळे ते मंगळवारीच शिजतं.

लेखकांना माझा विरोध नाही, त्यांनी विषय काढला हे बरंच झालं. फक्त तो शंभर यार्डांचा आकडा पुढच्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावा. आणि जागा उरली तर हँडल हातातून सुटल्यावर थांबतं का, हा प्रश्नही त्याखाली छापावा, कारण इथला हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि लोक सप्टेंबरातच खरेदीला निघतात.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(मूळ गाव कराड, सध्या जॅक्सन काउंटी, मिशिगन)